गंधसंवेदक यंत्रे आणि वासांची नावे

शाईच्या दौतीच्या बुचाएवढी धातूची एक डबी, तिच्या तोंडावर बारीक जाळी आणि तळाशी विजेच्या जोडणीसाठी काही तारा, असे एक उपकरण आज विद्युत्-साहित्याच्या कोणत्याही दुकानात दीडदोनशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ते दुधाच्या भांड्यावर, मासळीच्या परडीवर किंवा पिकत घातलेल्या आंब्यांवर धरतात आणि अन्न चांगले की नासलेले याचा निर्णय त्याच्याकडून घेऊ पाहतात. अशा अनेक डब्यांच्या जुळणीला ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ असे नाव पडले आहे. तिचा इतिहास सामान्यतः असा सांगितला जातो की, वास ओळखणारी यंत्रे प्रथम अवजड आणि महाग होती, पुढे ती लहान व स्वस्त होत गेली, आणि आता मनुष्याच्या नाकाची जागा घेण्याच्या बेतात आहेत.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे कथन दोन ठिकाणी चुकते. एक तर हा संवेदक आधी महाग होता व मग स्वस्त झाला असे घडलेले नाही. तो जन्मतःच स्वस्त होता, मात्र त्याचा जन्म अन्नाच्या वासासाठी झालेला नव्हता. दुसरे असे की, त्याच्या तारांतून निघणाऱ्या आकड्याला ‘वास’ ही पदवी मिळते ती विद्युत्-शास्त्राकडून नव्हे, तर मनुष्याने त्या आकड्यापुढे लिहिलेल्या शब्दाकडून. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात हात घालण्याचे प्रयोजन या दुसऱ्या गोष्टीत आहे.

प्रथम यंत्राचा पूर्वेतिहास पाहू. अर्धसंवाहक पदार्थाच्या पृष्ठभागाचे विद्युत्-गुणधर्म भोवतालच्या वायूप्रमाणे बदलतात, ही गोष्ट ब्रॅटन आणि बार्डीन यांनी १९५३ साली जर्मेनियमवरील आपल्या निबंधात मांडली. ट्रान्झिस्टर बनविणाऱ्यांच्या दृष्टीने हा एक उपद्रवच होता, कारण ज्याचे वर्तन हवेप्रमाणे पालटते तो घटक भरवशाचा कसा मानावा? या उपद्रवाचाच उपयोग करून घेण्याचे श्रेय जपानी संशोधकांचे आहे. १९६२ साली क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, तापविलेल्या जस्त ऑक्साइडच्या पातळ थराचा विद्युत्-रोध वायूच्या स्पर्शाने बदलतो आणि त्यावरून वायूचा शोध घेता येतो, असे दाखविले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी याच तत्त्वावरील संवेदकाच्या एकस्वासाठी अर्ज केला. तागुचींचा संवेदक पुढे कथिलाच्या ऑक्साइडचा झाला, १९६८ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला, आणि १९६९ मध्ये त्यासाठी फिगारो ही उद्योगसंस्था स्थापन झाली.

यामागील प्रेरणा प्रयोगशाळेतली नसून घरातली होती. जपानमधील घराघरांत त्या काळी द्रवरूप इंधनवायूच्या टाक्या पोचत होत्या, आणि गळतीमुळे होणारे स्फोट हा चिंतेचा विषय झाला होता. तेव्हा गृहस्थाला परवडेल, भिंतीवर टांगता येईल आणि वर्षानुवर्षे चालेल असा इशारायंत्राचा घटक हवा होता. स्वस्तपणा ही त्याची पुढे साधलेली सुधारणा नसून मूळची अट होती.

त्याचे कार्य थोडक्यात असे. कथिलाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतील इतपत भाजलेले असतात, आणि आतील तापकतार त्यांना काहीशे अंश तापमानावर ठेवते. हवेतील ऑक्सिजन कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांच्यातील इलेक्ट्रॉन अडवून धरतो, त्यामुळे रोध वाढलेला राहतो. जळण्याजोगा एखादा वायू किंवा बाष्प तेथे आले की ते या ऑक्सिजनशी संयोग पावते, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या क्रियेत कोणते बाष्प आले याची ओळख कोठेच नाही. ऑक्सिजनशी संयोग पावणारे काहीतरी आले, एवढेच यंत्राला कळते.

जाता जाता एक निरीक्षण नोंदवितो. स्वयंपाकघरात ज्याला आपण ‘गॅसचा वास’ म्हणतो तो गॅसचा नव्हेच. द्रवरूप इंधनवायूला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती मनुष्याला कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र गंधाचे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात. म्हणजे मनुष्याचे नाक येथे एक संकेत वाचते, आणि तो संकेत शब्दाइतकाच यादृच्छिक आहे. तागुचींच्या संवेदकाला मात्र हा संकेत कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही, कारण तो गॅसलाच प्रतिसाद देतो.

परंतु जो गॅसला प्रतिसाद देतो तो मद्यार्काच्या वाफेलाही देतो आणि शिजत्या अन्नाच्या वाफांनाही देतो. इशारायंत्र बनविणाऱ्यांना यामुळे मोठी डोकेदुखी झाली. स्वयंपाक चालू असता घंटा वाजू लागली तर गृहिणी ती काढून ठेवणार हे उघड आहे. या संवेदकाच्या इतिहासात अन्नाचा वास प्रथम प्रवेश करतो तो असा, खोट्या इशाऱ्याच्या रूपाने.

याच सुमारास आणि याच्याशी संबंध नसलेला असा दुसराही एक प्रवाह चालू होता. १९५४ साली हार्टमन यांनी भाज्यांच्या स्वादाचे वस्तुनिष्ठ व त्वरित अनुमान करण्याची एक विद्युत्-पद्धती सुचविली. मॉनक्रीफ यांनी १९६१ साली वासांचे मापन व वर्गीकरण करण्याचे एक उपकरण वर्णिले. १९६४ साली विल्केन्स आणि हार्टमन यांनी घ्राणक्रियेची विद्युत्-प्रतिकृती मांडली, आणि पुढच्याच वर्षी आणखी दोन गटांनी वेगवेगळ्या तत्त्वांवरचे प्रयत्न प्रसिद्ध केले. यांतील एकही बाजारात टिकला नाही. अन्नरसायनाच्या प्रयोगशाळांनी तोवर वेगळीच वाट धरली होती. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन यांनी वायु-द्रव वर्णलेखनाची पद्धती सिद्ध केल्यापासून वास म्हणजे सुट्या द्रव्यांची यादी, अशी तेथील धारणा झाली. ही पद्धती मिश्रणाचे घटक एकेक करून वेगळे करते. आपल्या डबीला वेगळे करणे ठाऊकच नाही. पहिलीला लागणारा खर्च आणि दुसरीची किंमत यांतील अंतर बव्हंशी या फरकातून आले आहे.

दोन्ही प्रवाहांची गाठ १९८२ साली पडली. वॉरिक विद्यापीठातील कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात सस्तन प्राण्यांच्या घ्राणेंद्रियाची एक प्रतिकृती मांडली, आणि तीसाठी बाजारात मिळणारे तीन अर्धसंवाहक संवेदक वापरले. त्यांचा हेतू अन्नपरीक्षण हा नव्हता. नाकातील प्रत्येक ग्राहकाचे एकेका वासाशी कुलूपकिल्लीसारखे नाते असलेच पाहिजे काय, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर नकारार्थी आले. तिन्ही संवेदक पुष्कळ वासांना प्रतिसाद देत, पण वेगवेगळ्या मानाने देत. त्या प्रतिसादांच्या परस्परप्रमाणावरून वासांमध्ये भेद करता येत होता. जो दोष इशारायंत्रवाल्यांना नकोसा होता तोच येथे गुण ठरला.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. सोस्यूरने चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदात पाहिले, आणि प्राग संप्रदायाने तेच ध्वनींच्या बाबतीत विस्ताराने दाखविले. एकटा स्वन काही सांगत नाही. तो ज्या विरोधांत उभा असतो ते विरोध सांगतात. परसॉद आणि डॉड यांचा एकेक संवेदकही असाच एकटा मुका आहे. तथापि हे साम्य फार ताणू नये. भाषेतील विरोध बोलणाऱ्या समाजाच्या व्यवहारात आधीच प्रस्थापित झालेले असतात. संवेदकांच्या आकड्यांत असे काही प्रस्थापित नसते. एका आकृतीला कॉफी म्हणावे आणि दुसरीला चहा, हे बाहेरून कोणीतरी सांगावे लागते. शिवाय संख्येचाही विचार केला पाहिजे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली गंधग्राहकांच्या जनुकांचे मोठे कुल उघडकीस आणले (त्यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले). मनुष्याच्या नाकात असे कार्यक्षम ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. त्यापुढे तीन किंवा पाच डब्या कोणीकडे!

‘इलेक्ट्रॉनिक नाक’ हा शब्दप्रयोग १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागला. १९९१ साली आइसलंडमध्ये रेक्याविक येथे या विषयावर एक परिषद भरली, आणि १९९४ साली गार्डनर आणि बार्टलेट यांनी त्याची व्याख्या केली. तिचा आशय असा की, अंशतःच विशिष्ट असलेल्या अनेक रासायनिक संवेदकांचा संच आणि आकृती ओळखणारी एक योग्य व्यवस्था मिळून जे उपकरण साधे किंवा संमिश्र वास ओळखू शकते, ते इलेक्ट्रॉनिक नाक होय. व्याख्या काटेकोर आहे. नाव मात्र नको तितके बोलके आहे. मराठीत तर नाक हे वासापेक्षा अब्रूचे स्थान अधिक असल्याने ते यंत्राला चिकटविताना आपण थोडे थांबावयास हवे होते. ‘गंधसंवेदक’ हा शब्दही निर्दोष नाही, कारण यंत्राला बाष्प कळते, गंध कळत नाही; पण निदान तो नाकाइतका दावा करीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. १९९२ साली गार्डनर, शर्मर आणि टॅन यांनी कथिल ऑक्साइडच्या १२ संवेदकांच्या संचाने निरनिराळ्या कॉफींमधील भेद ओळखून दाखविला. अन्नाच्या वासाच्या बाबतीत हा प्रयोग वारंवार उल्लेखिला जातो, व ते योग्यच आहे. परंतु त्यात यंत्राने काय केले? आधी नावे दिलेले नमुने त्याला दाखविण्यात आले, आणि पुढच्या नमुन्याला त्यांपैकी कोणते नाव लागू पडते ते त्याने सांगितले. नावे डब्यांवर आधीच होती. यापूर्वी ६५ वर्षे, १९२७ साली, क्रॉकर आणि हेंडरसन यांनी प्रत्येक वासाला चार अंकांचा क्रमांक देण्याची पद्धती काढली होती. सुगंधी, आम्ल, जळका आणि बोकडासारखा असे चार मूलगंध मानून प्रत्येकाला शून्य ते आठ गुण द्यावयाचे. ताज्या भाजलेल्या कॉफीचा त्यांचा क्रमांक ७६८३ असा होता. हा आकडा मापनाचा वाटतो, पण तो माणसांच्या नाकांनी आणि मतांनी ठरविलेला आहे. वॉरिकच्या आकड्यांत मत नाही, परंतु मताशिवाय त्यांना अर्थही नाही. पहिल्या पद्धतीत माणूस उघड दिसतो, दुसरीत तो नमुन्याच्या चिठ्ठीत दडलेला आहे, एवढाच भेद.

वासांच्या वर्गीकरणाचा जुना इतिहास पाहिला म्हणजे ही चिठ्ठी किती नाजूक आहे ते कळते. लिनीयसने १७५२ साली सात वर्ग केले, हेनिंगने १९१६ साली सहा, क्रॉकर आणि हेंडरसन यांनी चार. आमच्याकडे अन्नंभट्टाने तर्कसंग्रहात रूपाचे सात आणि रसाचे सहा प्रकार सांगितले, पण गंधाचे अवघे दोन, सुरभि आणि असुरभि. याला कोणी शास्त्राचे दारिद्र्य म्हणतील. मला यात नैयायिकांचा संयम दिसतो. ज्याचे भेद नीट सांगता येत नाहीत त्याचे ते सांगत नाहीत. पण ज्यांचे पोट गंधावर अवलंबून होते त्यांचे दोन शब्दांत भागले नाही. प. कृ. गोडे यांनी भांडारकर संस्थेतील हस्तलिखितांवरून ‘गंधवाद’ या सुगंधी द्रव्यांच्या कृतींवरील ग्रंथाचा परिचय १९४० नंतरच्या दशकात करून दिला, आणि त्या ग्रंथावर जुनी मराठी टीका आहे. मराठीच्या अभ्यासकांनी तिच्याकडे शब्दसंग्रहाच्या दृष्टीने फारसे पाहिलेले दिसत नाही.

बोलीतील शब्दांची स्थिती याहूनही उद्‌बोधक आहे. पुष्कळ भाषांत वासाचे नाव म्हणजे त्याच्या उगमाचे नाव असते. आपल्या ‘आंबेमोहोर’ तांदळाचे नाव तसेच आहे. परंतु मराठीत उगमापासून सुटलेले शब्दही आहेत. खोबरे खवट होते, तेल खवट होते, शेंगदाणेही होतात. वस्तू तीन, वास एक, आणि त्यामागे स्निग्ध पदार्थाचे ऑक्सिडेशन ही प्रक्रियाही एकच. ‘कुबट’ हा शब्द बंद खोलीला, न वाळलेल्या कपड्याला आणि दमट धान्याला सारखाच लागतो. ‘आंबूस’ आंबण्याशी बांधलेला आहे. ‘खमंग’ भाजणीला चालतो, फोडणीला चालतो, पण फूल कधी खमंग नसते. २०१४ साली मजीद आणि ब्युरेनहुल्ट यांनी मलाया द्वीपकल्पातील जहाय भाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. उगमापासून सुटलेले असे शब्द असलेल्या त्या भाषेचे भाषक वासांना जितक्या सहज व एकमताने नावे देतात, तितक्या सहज इंग्रजी भाषकांना ती देता येत नाहीत, असे त्यांनी दाखविले. मराठी भाषकांवर अशी कसोटी घेण्याजोगी आहे.

व्याकरणाचीही येथे साक्ष निघते. ‘दुधाचा वास येतो’ आणि ‘दुधाला वास येतो’ या दोन वाक्यांत एका विभक्तीचाच फरक आहे. पहिले वाक्य वास कोठून आला ते सांगते. दुसरे, विशेषण न लावताही, दूध नासू लागल्याचे सांगते. षष्ठीत वास पदार्थाचा स्वतःचा आहे, ‘ला’ प्रत्ययाच्या योगात तो त्याला बाहेरून लागलेला आहे. ‘घ्राण’ या निरुपद्रवी शब्दापासून ‘घाण’ निघाला, त्यातही हाच कल दिसतो. डबी दुधावर धरली तर दोन्ही वेळा तिचा रोध उतरेल. कमीअधिक उतरेल हे खरे, पण किती उतरल्यावर षष्ठी सोडावयाची हे तिला माणसाने सांगावे लागते.

हे सांगणे काळजीपूर्वक झाले तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण कोलकात्याचे आहे. तेथील सी-डॅक आणि जादवपूर विद्यापीठ यांतील संशोधकांनी तागुचींच्या वंशातल्याच संवेदकांचा संच काळ्या चहासाठी वापरला. त्यांचे महत्त्वाचे निबंध २००८ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. चहाची चुरडलेली पाने हवेत पसरून आंबविताना प्रथम त्यांचा हिरवट, गवती वास जातो आणि फुलासारखा वास उमलू लागतो. ही वृद्धी एकसारखी नसते. वास एकदा चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. मळ्यांवरील जाणते या दोन शिखरांना पहिले आणि दुसरे ‘नाक’ म्हणत आले आहेत. नाक हा शब्द येथे इंद्रियाचा न राहता पदार्थाच्या अवस्थेचा झाला, ही अर्थांतराच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी गोष्ट आहे. पानांचे आंबणे नेमके केव्हा थांबवावे यावर चहाची प्रत अवलंबून असते, आणि यंत्राला ही शिखरे टिपता आली. याचे कारण यंत्राचे नाक सूक्ष्म होते हे नव्हे. प्रश्न नेमका होता: एकच पदार्थ, एकच क्रिया, आणि कालक्रमाने होणारा बदल, त्या बदलाला पिढ्यांच्या अनुभवाने दिलेले नावही तयार होते. तयार चहाची प्रत ठरविण्याचा त्यांचा दुसरा प्रयोग मात्र चहा-परीक्षकांनी दिलेल्या गुणांशी यंत्राचे आकडे जुळविण्याचा होता. तेथे यंत्र चहा शिकत नव्हते, परीक्षक शिकत होते. परीक्षकांची मते जितकी परस्परांशी जुळतील तितकेच यंत्र चांगले, त्याहून चांगले ते होऊ शकत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या स्वस्त डब्यांकडे पाहावे. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो ही विद्यार्थ्यांसाठीची नियंत्रक-पाटी निघाली, आणि चीनमधील झेंगझौच्या हानवेई या उत्पादकाचे ‘एमक्यू’ मालिकेतील संवेदक तिला जोडणे हा महाविद्यालयीन प्रकल्पांचा नेहमीचा पाठ झाला. या मालिकेत एमक्यू-३ मद्यार्काचा, एमक्यू-४ मिथेनचा, एमक्यू-१३५ हवेच्या शुद्धतेचा अशी वाटणी सांगितली जाते. सर्वांचे मर्म कथिलाच्या ऑक्साइडचेच आहे, आणि नावे विक्रेत्याने त्यांच्या कलाप्रमाणे दिलेली आहेत. विद्यार्थी नावाला गुणधर्म समजतो आणि ‘मद्यार्क-संवेदका’ने इडलीचे पीठ आंबल्याचे सांगितले की त्याला आश्चर्य वाटते. पुढे तो आपल्या नमुन्यांना ‘चांगले’ आणि ‘खराब’ अशा दोनच चिठ्ठ्या लावतो. अन्नंभट्टाने तत्त्वचर्चेत जे केले ते इतक्या विद्युत्-सामग्रीनिशी आपण पुन्हा करीत आहोत, पण त्याच्या संयमाशिवाय. खवट आणि कुबट हे दोन्ही ‘खराब’ खरे. परंतु एकाचे कारण स्निग्धांशात आहे, दुसऱ्याचे दमटपणात, आणि धान्याच्या कोठारात त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. एका चिठ्ठीखाली दोघांना कोंबल्यावर यंत्राने त्यांत भेद करावा ही अपेक्षाच चुकीची आहे.

काही वास तर या डबीच्या आवाक्याबाहेरचेच आहेत. बासमतीच्या गंधाचे मुख्य द्रव्य २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे असल्याचे बटरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२-८३ मध्ये दाखविले. आंबेमोहोरातही ते सापडते. पाण्यात ते अब्जांशाच्या दहाव्या हिश्श्याइतके असले तरी माणसाच्या नाकाला जाणवते. स्वस्त संवेदकाची झेप साधारणतः दशलक्षांशाच्या मानाची आहे. तेव्हा आंबेमोहोराच्या भातावर डबी धरली असता जो आकडा मिळेल तो मोहोराचा नसून बहुधा वाफेचा असेल.

वाफेचा मुद्दा येथे गौण नाही. उत्पादकाच्या माहितीपत्रकात या संवेदकांचे प्रमाणित वर्तन २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता गृहीत धरून दिलेले असते, आणि मापनापूर्वी ते चोवीस तासांहून अधिक काळ तापवावेत अशी सूचना असते. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी जमविलेले आकडे आणि त्यांपुढे लिहिलेले शब्द जुलैतल्या रत्नागिरीत तसेच लागू पडणार नाहीत. हवेतील पाण्याने संवेदकाची आधाररेषाच सरकलेली असेल. आकडे तर पुन्हा घ्यावे लागतीलच, पण शब्दही त्या त्या ऋतूत आणि त्या त्या गावच्या माणसांकडून पुन्हा विचारून घ्यावे लागतील. चार महिने ज्या घरात धान्य, कपडे आणि भिंती ओलसर असतात तेथील माणूस कोणत्या पायरीला ‘कुबट’ म्हणू लागतो, याची नोंद अजून कोणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.